चिंतेशी झटापट थांबवायची कशी? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आठ आठवड्यांचा सराव

‘डोळे मिटून पाच मिनिटं शांत बसा, श्वासाकडे लक्ष द्या, बरं वाटेल.’ चिंतेचा त्रास असणाऱ्या बहुतेकांना हा सल्ला कुणी ना कुणी दिलेला असतो. माणूस मनापासून बसतो आणि दुसऱ्याच मिनिटाला छातीतली धडधड आधीपेक्षा मोठी वाटायला लागते. श्वासाकडे बघायला जावं तर तो अडकल्यासारखा होतो. चार दिवसांत सराव सुटतो आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असा शेरा माणूस स्वतःवरच मारून मोकळा होतो. खरं तर त्याचं काहीच चुकलेलं नसतं. त्याला अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.

माइंडफुलनेसला मराठीत आता सजगता हा शब्द रुळला आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिला लक्ष: आत्ता शरीरात आणि मनात काय चाललंय ते कळणं. दुसरा स्वीकार: जे कळलं त्याला हाकलायला न धावता असू देणं. चिंतेने त्रासलेल्या माणसाकडे पहिला भाग गरजेपेक्षा जास्तच असतो. एक ठोका इकडचा तिकडे झाला तरी त्याला कळतं. कमी पडतो तो दुसरा. स्वीकाराशिवाय नुसतं लक्ष वाढवलं की धडधडीवर भिंग धरल्यासारखं होतं.

संशोधनातही हेच दिसतं. २००८ साली फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी सजगता मोजण्यासाठी २० विधानांची एक प्रश्नावली तयार केली. त्यातली दहा विधानं जाणीव मोजणारी आणि दहा स्वीकार मोजणारी. हे दोन गुण एकमेकांपासून बरेच स्वतंत्र निघाले आणि मानसिक त्रास कमी असण्याशी जास्त नातं स्वीकाराचं दिसलं. त्याआधी २००६ साली आलेल्या ३९ विधानांच्या प्रश्नावलीत सजगतेचे पाच पैलू मोजले जातात. ध्यानाची सवय नसलेल्या लोकांमध्ये निव्वळ ‘निरीक्षण’ या पैलूचे गुण जास्त, म्हणून त्रास कमी, असं आढळलं नाही. ‘आलेल्या विचाराला किंवा भावनेला बरंवाईट न ठरवणं’ या पैलूचं मात्र चिंता कमी असण्याशी स्पष्ट नातं आढळलं. म्हणून या लेखातला सगळा सराव दुसऱ्या भागाकडे झुकलेला आहे.

स्वीकार म्हणजे काय नव्हे

‘पदरी पडलं पवित्र झालं’ असं आपल्याकडे म्हणतात. त्या अर्थाने इथला स्वीकार घेऊ नका. घरात मारहाण होत असेल, वरिष्ठ रोज अपमान करत असतील, कर्जाचे हप्ते थकले असतील, तर ती परिस्थिती स्वीकारा असं कुणीही जाणकार सांगणार नाही. ती बदलायचीच आहे. तिच्याबद्दल तक्रार करायची, मदत मागायची, वकील गाठायचा. स्वीकार करायचा तो या क्षणी आत उठलेल्या भावनेचा: पोटात आलेल्या गोळ्याचा, घशात दाटलेल्या आवंढ्याचा, ‘माझं काही खरं नाही’ या विचाराचा. ते आलेलंच आहे. ते आलं नाही असं म्हणण्यात जी शक्ती जाते, ती वाचली तर परिस्थितीशी लढायला उरते.

आणि स्वीकार म्हणजे आवडणं नव्हे. धडधड आवडून घ्यायची नाही. ती असताना भाजी चिरता येते, मेल लिहिता येतो, लेकराला शाळेत सोडता येतं, एवढं शिकायचं.

झटापटीने त्रास का वाढतो

ओल्या सुतळीची गाठ दोन्ही टोकांनी ओढली की आणखी घट्ट बसते. चिंतेचं तसंच होतं, आणि त्याची कारणं शरीरात शोधता येतात. उदाहरण घ्या. संध्याकाळी निरोप येतो, ‘उद्या सकाळी केबिनमध्ये भेटा.’ मेंदू याला धोका समजतो, ॲड्रेनलिन सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात, हातपाय गार पडतात. इथपर्यंत सगळं नैसर्गिक आहे. पुढचं वाक्य घात करतं: ‘एवढं का धडधडतंय? हे थांबलंच पाहिजे.’ आता धोके दोन झाले, एक उद्याची भेट आणि दुसरी स्वतःची धडधड. दुसऱ्या धोक्यासाठी शरीर पुन्हा ॲड्रेनलिन सोडतं. ठोके आणखी वाढतात. भेटीचा विषय बाजूलाच राहतो आणि माणूस रात्री दोन वाजता नाडी मोजत बसतो.

विचार दाबायला गेलं तरी असंच होतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पाच मिनिटं सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटा वाजवायची. घंटा वाजत राहिली. पुढच्या पाच मिनिटांत अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा आधी विचार दाबलेल्या लोकांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं, ज्यांना पहिल्यापासून विचार करायला सांगितलं होतं त्यांच्यापेक्षाही जास्त. एखादा विचार मनात येत नाहीये ना, हे तपासत राहायचं तर तोच विचार हाताशी ठेवावा लागतो.

तिसरी वाट टाळण्याची, आणि ती सगळ्यांत फसवी. लिफ्टमध्ये जीव घाबरतो म्हणून एक दिवस जिन्याने गेलात. सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेतून मेंदू शिकला की लिफ्ट खरंच धोक्याची होती आणि जिन्यामुळे आपण वाचलो. उद्या लिफ्ट नुसती दिसली तरी तो घाबरवणार. मग मॉलची लिफ्ट सुटते, मग दवाखान्याची, मग पाचव्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाणंच बंद होतं. नेवाडा विद्यापीठातले स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ॲक्ट’ (ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) ही स्वीकारावर उभी असलेली उपचारपद्धती मांडली. नकोसा अनुभव टाळण्यापायी आयुष्य आक्रसत जातं, हा तिचा गाभ्याचा मुद्दा आहे.

सुरू करण्याआधी तीन कामं

पहिलं काम डॉक्टरांकडे. थायरॉइड जास्त काम करत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, हृदयाची लय बिघडत असेल, तरी धडधड, घाम, थरथर ही लक्षणं दिसतात. थायरॉइड आणि रक्ताची तपासणी, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर ईसीजी, एवढं एकदा करून घ्या. एकदाच. दर महिन्याला ईसीजी काढून खात्री करत राहणं हीसुद्धा झटापटच आहे. दिवसाचे चहा-कॉफीचे कप मोजा. पाच-सहा कप होत असतील तर दर तीन-चार दिवसांनी एक कमी करा आणि दुपारी चारनंतर बंद ठेवा. एकदम सगळं बंद केलंत तर डोकं दुखेल आणि त्याचीच नवी काळजी लागेल.

दुसरं, सुरुवातीची नोंद. ‘जीएडी-७’ ही चिंता किती आहे ते मोजणारी सात प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात, आणि ती मराठीतही मिळते. मागच्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती वेळा झाला त्याला ० ते ३ गुण द्यायचे, एकूण २१ पैकी. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र असं ढोबळमानाने धरतात. तारीख घालून आकडा लिहून ठेवा. आकडा दहा किंवा त्याहून जास्त असेल तर हा सराव तज्ज्ञाच्या भेटीसोबत करा, तिच्याऐवजी नको.

तिसरं, हा सराव एकट्याने करू नये अशी परिस्थिती आहे का ते प्रामाणिकपणे बघा. जीव नकोसा झाल्याचे विचार, इतरांना ऐकू न येणारे आवाज, जुन्या अत्याचाराचे किंवा अपघाताचे प्रसंग डोळ्यांपुढे जिवंत होणं, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर दिवस काढणं, यातलं काही असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. मंत्रचळेपणाचा त्रास असेल, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणं किंवा गॅस तपासणं, तरीही आधी तज्ज्ञ. कारण इथले व्यायाम हीच एक नवी ‘केलीच पाहिजे’ अशी कृती होऊन बसू शकते. चालू असलेलं औषध या लेखाच्या भरवशावर एक गोळीनेही कमी करू नका.

आठवडा १ आणि २: लक्ष, पण श्वासापासून सुरुवात नको

वेळ: सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. जागा: पाठ टेकता येईल अशी साधी खुर्ची. जमिनीवर मांडी घालायची सक्ती नाही. गुडघे दुखत असताना बसलात तर पाचही मिनिटं गुडघ्यांना जातील. पलंगावर आडवं होऊन करू नका, झोप लागेल आणि काय शिकलो ते कळणार नाही. मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावा, आवाज सौम्य ठेवा आणि फोन उलटा ठेवून हाताच्या अंतराबाहेर सरकवा.

तळपाय जमिनीला टेकवा. चपला काढलेल्या बऱ्या. डोळे मिटायलाच हवेत असं नाही, समोर चार फुटांवर जमिनीकडे सैल नजर ठेवली तरी चालतं. डोळे मिटल्यावर ज्यांना जास्त घाबरतं त्यांनी ते उघडेच ठेवावेत.

आता लक्ष तळपायांकडे. फरशी गार आहे का, टाचेवर भार जास्त की चवड्यावर, अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना कुठे टेकतात. दोनेक मिनिटांनी लक्ष आवाजांकडे न्या. पंखा, कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, लांबची अजान, शेजारची मालिका. ‘किती गोंगाट’ असं मनात आलं की तो विचार झाला. त्याला ‘विचार’ म्हणा आणि पुन्हा आवाजाकडे या.

श्वासापासून सुरुवात न करण्याचं कारण साधं आहे. घाबरलेपणात श्वासच सगळ्यांत आधी बिघडतो. ज्यांना अचानक भीतीचे झटके येतात त्यांच्यासाठी श्वास ही शांत जागा नसते, धोक्याची घंटा असते. पाय आणि आवाज यांच्याबद्दल तशी भीती सहसा नसते. आधी तिथे लक्ष टिकवायला शिकायचं, श्वासाकडे तिसऱ्या आठवड्यात यायचं.

लक्ष भटकणार. पाच मिनिटांत तीस वेळा भटकलं तर तीस वेळा परत आणायचं. भटकलेलं कळणं आणि परत आणणं, व्यायाम तोच आहे. ‘मन एकाग्र झालं का?’ हा प्रश्न या सरावात विचारायचाच नाही. बहुतेक लोक नेमके त्या प्रश्नापायी सोडून देतात.

आठवडा ३ आणि ४: नाव देणं, जागा देणं

वेळ दहा मिनिटं, दिवसातून एकदा. जमेल त्या दिवशी दोनदा. पहिली तीन मिनिटं पाय आणि आवाज, मग तीन मिनिटं श्वास. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, नाकपुडीशी किंवा पोटाशी जसा जाणवेल तसा. शेवटची चार मिनिटं या लेखाचा जीव आहेत, म्हणून त्यांच्याकडे सावकाश बघू.

दिवसातली एखादी बारीक काळजी आठवा. सगळ्यांत मोठी नको, दहापैकी तीन-चारची. भावाला फोन करायचा राहिलाय, विजेचं बिल जास्त आलंय, अशी. ती आठवली की शरीरात कुठेतरी हालचाल होते. कुठे, ते शोधा. समजा छातीच्या मधोमध आवळल्यासारखं झालं. आता एखाद्या अनोळखी फळाकडे बघावं तसं त्याकडे बघा. आकार केवढा आहे, लिंबाएवढा की नारळाएवढा? कडा कुठे संपते, मानेपर्यंत जाते की आधीच थांबते? जड आहे की ताणलेलं? गरम की गार? एका जागी आहे की सरकतंय? उत्तरं बरोबर येण्याची गरज नाही. बघताना घाई नसावी, एवढंच.

मग त्याला नाव द्या. नाव कसं देता यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. ‘मी घाबरट आहे’ हा निवाडा झाला. ‘मला भीती वाटतेय’ हे त्यापेक्षा बरं. ‘छातीत आवळल्यासारखं आहे, भीती आलेली आहे’ हे सगळ्यांत उपयोगी, कारण त्यात भीती आणि तिला बघणारे तुम्ही वेगळे राहता. विचारांचंही तसंच करा. ‘उद्या माझी नोकरी जाणार’ या वाक्यापुढे एक शेपूट जोडा: ‘उद्या माझी नोकरी जाणार, असा विचार आलाय.’ वाक्य फारसं बदलत नाही, पण त्याची पकड सैल होते. दोन्ही वाक्यं मनात सावकाश म्हणून बघितली की फरक लगेच कळेल.

त्यानंतर जागा द्यायची. श्वास आत घेताना त्या आवळलेल्या भागाभोवती थोडी मोकळी जागा होतेय अशी कल्पना करा. खांदे, जबडा, पोट आवळलेले असतील तर सैल सोडा. भीतीने आवळलेला भाग तसाच राहू द्या, त्याला सैल करायला जाऊ नका. सैल करायचं ते त्याच्याभोवती तुम्ही घट्ट धरून ठेवलेलं शरीर. मनात म्हणायचं असेल तर ‘असू दे, इथे जागा आहे’ एवढं पुरे.

चार मिनिटं झाली की पुन्हा पाय, आवाज, आणि डोळे उघडून खोलीतल्या पाच वस्तू बघा. त्रास दहापैकी सातच्या वर जाऊ लागला तर मध्येच पायांकडे परत यायला पूर्ण मुभा आहे. तो पराभव नाही. खोल पाण्यात उतरण्याआधी काठाशी पाय टेकतात की नाही हे बघायचंच असतं.

दोन आकड्यांची वही

साधी छोटी वही घ्या. दिवसातून दोन-तीन प्रसंग लिहा, प्रत्येकी एक ओळ. प्रसंगाला दोन आकडे द्यायचे, दोन्ही ० ते १०. पहिला ‘त्रास’: भावना किती जोराची होती. दुसरा ‘झटापट’: ती घालवण्यासाठी, दाबण्यासाठी, टाळण्यासाठी तुम्ही किती धडपडलात.

नोंद अशी दिसेल: ‘मंगळवार, ८.१०, स्टेशनचा जिना. धडधड, हात गार. त्रास ६, झटापट ९. तीनदा नाडी बघितली, लोकल सोडली.’ तीन आठवड्यांनी तोच जिना: ‘त्रास ६, झटापट ३. हात गारच होते. लोकल पकडली.’

पहिला आकडा तोच आहे, पण त्या दिवशी माणूस कामावर पोहोचला. हीच प्रगती. ही वही नसेल तर लोक फक्त पहिल्या आकड्याकडे बघतात, तो कमी झाला नाही म्हणून निराश होतात आणि सराव नेमका कामाला येऊ लागलेला असताना सोडतात. झटापट उतरली की त्रासही पुष्कळदा हळूहळू उतरतो. पण तो उतरावा म्हणून झटापट सोडली, तर ती सोडलेलीच नसते.

नव्याने शिकणाऱ्यांची सगळ्यांत मोठी चूक हीच: ‘घे, स्वीकारलं तुला. आता तरी जा.’ वरकरणी स्वीकार, आतून हाकलणं. ओळखायची खूण सोपी आहे. व्यायाम संपल्यावर पहिला प्रश्न ‘गेलं का?’ असा येत असेल तर स्वीकाराचा औषधासारखा वापर चाललाय. त्या वेळी स्वतःला विचारा: ‘ही भावना आणखी तासभर इथेच राहिली तरी मी हातातलं काम करायला तयार आहे का?’ उत्तर पूर्ण ‘हो’ येण्याची वाट बघत बसायचं नाही. ‘थोडं थोडं’ आलं तरी कामाला लागायचं.

आठवडा ५ ते ८: बाहेर पडणं

खुर्चीतला सराव रोज दहा ते पंधरा मिनिटं चालू ठेवा. त्यासोबत आता टाळलेल्या गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीसमोर लिहा, ही गोष्ट मला का हवी आहे. ‘लिफ्ट’ असं नुसतं लिहू नका. ‘लिफ्ट, कारण सहाव्या मजल्यावर आत्या एकटी राहते आणि तिला भेटायचं आहे’ असं लिहा. कारणात जीव नसेल तर पाऊल उचलत नाही.

यादी सोप्याकडून अवघडाकडे लावा. सोप्यातली सोपी गोष्ट दहापैकी तीनची असावी. लिफ्टचंच बघू: आधी दारापाशी दोन मिनिटं उभं राहणं. मग दार उघडून आत जाऊन बाहेर येणं. मग सोबतीने एक मजला, एकट्याने एक मजला, एकट्याने सहा मजले. एक पायरी तीन-चार दिवस, रोज निदान एकदा. आत असताना पाय जमिनीला टेकलेले जाणवू द्या, ‘भीती आलेली आहे’ म्हणा, आणि जे कराल ते सावकाश. मोबाइलमध्ये डोकं घालून, हातात पाण्याची बाटली घट्ट धरून सहा मजले गेलात तर गेलात खरे, पण मेंदू बाटलीला श्रेय देईल. आधार एकेक करून सोडायचे.

भीती मध्यावर असताना बाहेर पळालात, तर पळण्याने सुटका हा जुना धडा पक्का होतो. म्हणून पायरी इतकी लहान ठेवा की पळावं लागणार नाही. पळालातच तर दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली येऊन करा.

अचानक झटका आला तर

जीव घाबराघुबरा होतो, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात, आपण मरणार किंवा वेडे होणार असं वाटतं. भीतीचा असा झटका साधारण दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि नंतर उतरतो. मुंग्या आणि चक्कर बऱ्याचदा भराभर श्वास घेतल्याने येतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा हा परिणाम. म्हणून ‘दीर्घ श्वास घे’ हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडू शकतो. मोठमोठे श्वास घेऊ नका. तोंड मिटून नाकाने, आत घेताना चार मोजा, सोडताना सहा. पाय टेका, शक्य असेल तर बसा. ‘लाट आली आहे, चढतेय’ असं म्हणा, उतरायला लागली की ‘उतरतेय’ म्हणा. झटका ओसरल्यावर होता त्याच जागी आणखी पाच मिनिटं थांबा आणि मग हातातलं काम पुढे न्या.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. छातीत पहिल्यांदाच दुखतंय, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जातंय, गार घाम येतोय, वय जास्त आहे किंवा मधुमेह-रक्तदाब आहे, तर ‘चिंताच असेल’ असं घरी ठरवू नका. १०८ ला फोन करा.

नामजप, प्राणायाम, विपश्यना यांचं काय?

नामजप चालू असेल तर चालू ठेवा. त्याने मनाला टेकायला जागा मिळते. फक्त वाईट विचार आला रे आला की तो पुसायला जप, असं होत असेल तर ती झटापटीतच मोडते. विचार असू द्या आणि त्याच्यासोबत जप चालू द्या. अनुलोम-विलोम संथपणे करायला हरकत नाही. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र झटके येत असणाऱ्यांनी शिक्षकाला सांगितल्याशिवाय करू नये. भराभर श्वासाने तीच मुंग्या-चक्करीची लक्षणं उठतात.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची शिबिरं गेली कित्येक दशकं चालू आहेत आणि अनेकांना त्यांचा फायदा झालेला आहे. पण दहा दिवसांचं मौन आणि रोज दहा तासांच्या आसपास बैठक ही चिंतेने आधीच हैराण असलेल्या माणसाची पहिली पायरी नव्हे. जायचंच असेल तर त्रास थोडा स्थिरावल्यावर जा, आणि अर्जात आजार व औषधं खरी लिहा. लपवलेलं तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावर येतं.

किती अपेक्षा ठेवायची

आधुनिक रुग्णालयात सजगतेचा अभ्यासक्रम आणला तो जॉन कबात-झिन यांनी, १९७९ साली, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात. आठ आठवडे, दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, एक पूर्ण दिवस मौनात आणि घरी रोज सुमारे ४५ मिनिटं सराव. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांपैकी काहींना हा अभ्यासक्रम आणि काहींना एसिटालोप्राम हे औषध दिलं गेलं. आठ आठवड्यांनंतर अभ्यासक्रम औषधापेक्षा कमी पडला नाही. ही मोठी गोष्ट आहे. पण ती ४५ मिनिटांची आणि शिक्षकासमोर शिकलेल्यांची गोष्ट आहे. इथल्या दहा-पंधरा मिनिटांकडून तेवढीच मागणी करणं अन्यायाचं होईल. याने पाया घातला जातो. पुढे वाढवायचं तर प्रशिक्षित शिक्षक किंवा ‘ॲक्ट’ शिकलेला मानसशास्त्रज्ञ शोधा.

घरच्यांसाठी

‘टेन्शन घेऊ नकोस’, ‘अगं, एवढं काय त्यात’, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’. ही वाक्यं मायेपोटीच येतात, पण ऐकणाऱ्याच्या कानात ‘हे थांबव’ एवढंच शिरतं आणि झटापट वाढते. त्याऐवजी शेजारी बसा. ‘कुठे जाणवतंय? छातीत का? बरं. मी आहे इथे, घाई नाही.’ एवढं पुरतं. पुढचं काम त्यांच्याऐवजी उरकून टाकू नका. बँकेत जायला मुलगा घाबरतोय म्हणून दर वेळी आईच गेली तर बँक त्याच्यासाठी आणखी लांब जाते. ‘चल, मी दारापर्यंत येते, आत तू जा’ हे मधलं अंतर बरोबर.

आठही आठवडे संपले की जीएडी-७ पुन्हा भरा आणि वहीतले पहिल्या व शेवटच्या आठवड्यातले झटापटीचे आकडे शेजारी शेजारी लिहा. मध्ये एखादा आठवडा सुटला असेल तर जिथे सोडलं तिथूनच धरा, पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. गुण दहाच्या खाली आले नसतील, झोप-भूक-काम अजून बिघडलेलं असेल, तर दोन्ही कागद घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तज्ज्ञाला त्या दोन कागदांतून पुष्कळ कळतं. आणि मध्येच कधी, रात्री-अपरात्रीसुद्धा, एकट्याने सोसवेनासं झालं, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं.